केबिनमधलं न प्यायलेलं पाणी

सगुणला माझ्याकडे आणलं तेव्हा त्याचा शर्ट कोरडा होता. मला पहिली भीती त्याचीच वाटली. मे महिना, भर दुपार, सकाळपासून टिपरच्या केबिनमध्ये बसलेला माणूस आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. दोन ड्रायव्हरांनी त्याला काखेत धरून आणलं होतं. पाय जमिनीवर ओढले जात होते. कपाळाला हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं.

"सगुण, मी कोण?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गेट उघड."

मी गोव्यात डिचोलीजवळच्या एका ट्रान्सपोर्ट यार्डात नर्स आहे. खाणीवरचं खनिज टिपरमधून जेटीपर्यंत जातं. त्याला इथे सगळे माती म्हणतात. यार्डाच्या कोपऱ्यात माझी फर्स्ट एड रूम आहे. एक खाट, एक कपाट, एक फ्रीज, एक पंखा. बहुतेक दिवस माझ्याकडे येतात ते कापलेली बोटं, डोळ्यात गेलेली धूळ आणि पाठदुखी. त्या दिवशी आला तो ऊष्माघात.

उन्हाने चक्कर येणं वेगळं आणि ऊष्माघात वेगळा. चक्कर आलेला माणूस घामाने भिजलेला असतो, पण शुद्धीवर असतो. सावलीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं की सावरतो. ऊष्माघातात शरीराची स्वतःला थंड करायची सोयच बंद पडते. माणूस बरळायला लागतो. त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला बाहेरून थंड करायचं, तेही तिथल्या तिथे. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वाट बघितली तर तोवर मेंदू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शर्ट काढला. खाटेवरची चादर बाल्दीत बुडवून त्याच्या अंगावर टाकली, पंखा पूर्ण सोडला, फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि जांघेत ठेवला. चादर गरम झाली की पुन्हा बुडवायची. अँब्युलन्स येईपर्यंत तेच करत होते. अँब्युलन्समध्ये चढवताना त्याने डोळे उघडले आणि माझं नाव नाही, पण "सिस्टर" एवढं म्हणाला. मला तेवढं पुरलं.

टिपर रस्ता सोडून काजूच्या बागेत शिरला होता. दोन झाडं आडवी झाली. माणसाला कुठे लागलं नाही, हे नशीब. बागवाला भला होता, त्यानेच यार्डात फोन केला.

अँब्युलन्स गेली आणि आमचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर कामत साहेब माझ्या रूममध्ये आले. हातात मिनरल वॉटरची एक जुनी बाटली होती, लेबल गेलेली, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेली.

"केबिनमध्ये मिळाली. वास घ्या, सिस्टर."

मी बूच काढलं. हुर्राकाचा वास आला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. काजूच्या बोंडूचा रस आंबवून पहिल्या धारेची जी दारू निघते ती हुर्राक. उन्हाळ्यातले थोडेच आठवडे मिळते. डिचोली, पेडण्यात त्या दिवसांत घरोघरी येते, आणि येते ती बहुतेक अशाच जुन्या पाण्याच्या बाटल्यांतून. तिचा वास एकदा ओळखला की विसरत नाही.

"पाण्यात मिसळून पीत गाडी चालवत होता," कामत साहेब म्हणाले. "मी त्याला ठेवू शकत नाही. उद्या रस्त्यावर कुणी मेलं तर मी काय सांगू?"

"मी त्याच्या तोंडाजवळ होते. वास नव्हता."

"तुमचं नाक म्हणजे काही मशीन नाही."

दारू तपासायचं मशीन होतं, पण त्यात फुंकायला माणूस शुद्धीवर लागतो. हॉस्पिटलात नंतर ऊष्माघाताचा इलाज झाला, दारूसाठी रक्त कुणी काढलं नाही. जीव वाचवायची घाई होती आणि ती बरोबरच होती. त्यामुळे सगुण प्यायला होता की नव्हता याचा कागद कुणाकडेच नव्हता. होती ती फक्त बाटली.

कामत साहेब वाईट माणूस नाहीत. दारू पिऊन टिपर चालवणाऱ्याला मीही एक दिवस ठेवला नसता. शाळेच्या मुलांच्या रस्त्यावरून त्या गाड्या जातात. माझी अडचण वेगळी होती. मला ती भरलेली बाटली खटकत होती. दारू पिणारा माणूस बाटली भरलेली ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलात गेले. सगुण शुद्धीवर होता, हाताला सलाईन. लघवी चहाच्या रंगाची होतेय असं डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून होते. त्याची बायको सुमन बाहेर औषधं आणायला गेली होती.

सगुण इब्रामपूरचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. मोटरसायकलने यार्डात यायचा, बाकीचे ड्रायव्हर कँटीनला हसत-खिदळत असताना हा बाजूला बसून पाव-भाजी खायचा आणि उठायचा. आमच्याकडे लागून तीन-चार सीझन झाले होते; पावसाळ्यात खाण बंद असते, म्हणून इथे वर्षं सीझनवर मोजतात. त्याच्याविषयी मला एवढंच माहीत होतं.

"सगुण, गाडीत पाणी होतं तर प्यायला का नाहीस?" मी विचारलं.

तो छताकडे बघत बोलला.

"सकाळी वास नाय होतो, सिस्टर. धा-साडेधाक बूच काडलंय आणि हुर्राकाचो वास इलो."

"मग? पाणीच होतं ना ते?"

"पाणीच होता. मी पयली खूप पिय होतंय. ह्या कंपनीत येवच्या आदी. घर मोडूची पाळी इल्ली. मगे सोडलंय. कितकी वर्सां जाली, एक थेंब लावक नाय. त्या वासाचा पाणी पियालंय आणि जीभ परत तिकडे गेली तर? माका माझीच भिरांत दिसली."

भिरांत म्हणजे भीती. त्याने तो शब्द इतका हळू उच्चारला की मला पुढे वाकावं लागलं.

तहान लागली तेव्हा त्याने बाटली सीटच्या मागे ढकलली. थोड्या वेळाने पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. लोडिंगच्या लाइनमध्ये उतरून दुसरं पाणी आणावं तर मागची गाडी पुढे घुसते आणि एक ट्रिप जाते. जेटीवर नळ होता, पण त्याचं पाणी मचूळ. पुढच्या ट्रिपला पिऊ, असं म्हणत दुपार झाली. मग त्याला एका रस्त्याचे दोन दिसायला लागले. पुढचं त्याला आठवत नव्हतं.

"हे ऑफिसात सांगितलंस तर..."

"सांगू नकात," तो लगेच म्हणाला. "आणि बायलेक तर सांगूच नकात. माझो थर्मास फुटलो म्हणान तिना घरातली बाटली भरून दिल्यान. सोयऱ्यांनी हुर्राक आणलेली, तिची रिकामी बाटली. तिना कितींदा धुतल्यान ती."

तेवढ्यात सुमन औषधं घेऊन आत आली. मी विषय बदलला.

परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसून हाच विचार करत होते. त्याचं खरं कारण सांगितलं तर तो सुटण्याऐवजी अडकेल. कामत साहेब म्हणतील, बघा, आधीपासूनचाच पिणारा. न सांगितलं तर बाटली बोलतेच आहे. शिवाय पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मॅनेजरला सांगणं माझ्या कामात बसत नाही. तो माझा पेशंट आधी आणि कंपनीचा ड्रायव्हर नंतर. म्हणजे त्याच्याविषयी काही न बोलता मला बाटलीविषयी बोलायला हवं होतं.

आमच्या शेजारणीकडे हुर्राकाची रिकामी बाटली मागितली. तिने चमकून बघितलं, पण दिली. घरी साबणाने धुतली, गरम पाण्याने विसळली, रात्रभर उपडी ठेवली. सकाळी नाक घालून बघितलं, काही वास नाही. तशीच एक बाटली घेतली जिच्यात आधी पाण्याशिवाय काही नव्हतं. दोन्हींत आमच्या यार्डातल्या फिल्टरचं पाणी भरलं आणि कामत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"वास घ्या."

त्यांनी घेतला. "कसला? दोन्ही पाणीच आहे."

"आता तुमच्यासमोर कुठल्याही उभ्या गाडीत ठेवते. केबिनची चावी तुमच्याकडेच राहू दे."

त्यांनी भुवया उंचावल्या, पण चावी खिशात टाकली. काचा बंद, गाडी उन्हात. जेवणानंतर त्यांनीच केबिन उघडली. बाटल्या हाताला गरम लागत होत्या. पहिलीचं बूच काढलं, नाक मुरडलं, म्हणाले, "प्लास्टिकचा वास येतो." दुसरीचं काढलं आणि हात लांब केला.

"घोटभर पिऊन बघा," मी म्हटलं.

प्यायले आणि खिडकीतून थुंकले.

प्लास्टिक वास पिऊन घेतं. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी त्यात ठेवलेल्या चपातीला लोणच्याचा वास लागतो, तसंच हे. थंड असताना तो वास आत मुरून बसतो. गरम झालं की पाण्यात आणि वरच्या हवेत उतरतो. सकाळी घरून निघताना साफ वाटलेली बाटली दुपारी केबिनमध्ये वेगळीच होते. काचा बंद केलेल्या गाडीत उन्हात हात ठेवून बघितलाय का कधी? स्टिअरिंगसुद्धा धरवत नाही.

"मान्य," कामत साहेब म्हणाले. "बाटलीला वास म्हणजे माणूस प्यायला असं नाही. पण वास आला म्हणून माणूस बेशुद्ध पडेपर्यंत पाणी पीत नाही? हे मला पटत नाही, सिस्टर. नुसतं नाक मुरडून प्यायलं असतं. तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात."

ते बरोबर होते. मी म्हटलं, "हो, सांगत नाहीये. मला सांगता येणार नाही."

"मग मीही त्याला गाडी देऊ शकत नाही."

मी बाटल्या उचलून परत आले. त्या दुपारी मला वाटलं की मी अर्धंच काम केलं आणि अर्ध्या कामाचा सगुणला काही उपयोग नाही.

आठवडाभराने सगुण ऑफिसात आला. किलोभर उतरलेला नव्हे, चांगलाच सुकलेला. सोबत सुमन होती. मला कामत साहेबांनी बोलावून घेतलं म्हणून मी होते. साहेबांनी दोघांना बसायला सांगितलं. सगुण बसला नाही.

"सायब, मी पयली पिय होतंय. नोकरेक लागताना तुमका सांगूक नाय. आता सांगतंय."

मी सुमनकडे बघितलं. ती खाली बघत होती, पण दचकली नाही. बाटलीचं त्याने घरी आधीच सांगितलं होतं.

"त्या बाटलेचो वास इलो आणि माका भय वाटला. परत सुरू जायत म्हणान. म्हणान पाणी पियालंय नाय. आता माका काडतल्यात तर काडा. पण पिवन गाडी चलवलंय असा सांगू नकात. त्या दिसा मी पाणीसुद्धा पिवक नाय."

साहेबांनी सुमनकडे बघितलं.

मग सुमन बोलली. "बाटली मी भरून दिल्लंय. साबणान धुतलंय, कडकडीत पाण्यान धुतलंय. वास नाय होतो तेवा." मग म्हणाली, "हेनी मरूची पाळी आणल्यान, पण त्या बाटलेवरसून माका एक सबद बोलूक नाय. सोडलेल्याक जितकी वर्सां जाली तितकी मी तेका बघतंय. तो खोटा सांगणा नाय."

कामत साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, उभं ठेवलं. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? गाडी कधी चालवू शकेल?" हा प्रश्न माझ्यासाठी होता.

"ह्या उन्हाळ्यात नाही. एकदा ऊष्माघात झालेल्याला काही महिने ऊन लवकर लागतं."

"मग पावसाळा लागेपर्यंत गाड्यांच्या वजनकाट्याच्या खोलीत बस," ते सगुणला म्हणाले. "आत पंखा आहे. पुढच्या सीझनला डॉक्टरांनी फिट दिलं तर गाडी. आणि गाडीवर चढायच्या आधी रोज मशीनमध्ये फुंकायचं. तू एकटा नाही, सगळे. मीसुद्धा ऑफिसची जीप घेतली तर फुंकेन."

सगुणने मान हलवली. दारातून बाहेर पडल्यावर सुमनने त्याच्या हातातली पिशवी काढून आपल्या हातात घेतली. तो अजून अशक्त होता.

त्यानंतर मी सगळ्या गाड्यांच्या केबिन बघितल्या. ते माझं काम आधीही होतं, पण मी आग विझवायचा सिलिंडर आणि फर्स्ट एड बॉक्स बघायचे. पाणी कशात आहे ते कुणी बघत नव्हतं. जे दिसलं ते असं: डॅशबोर्डवर उन्हात तापणाऱ्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. इंजिनाच्या झाकणावर ठेवलेला कॅन, तिथे तर भांडं ठेवलं तर चहा व्हावा. आणि एका गाडीत तर पाण्याच्या बाटलीशेजारी तसल्याच बाटलीत हिरवट कूलंट. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायचं रसायन. चवीला गोड असतं आणि घोटभरही विष आहे. ती बाटली मी तिथल्या तिथे उचलली.

बऱ्याच ड्रायव्हरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत होता, तापलेल्या प्लास्टिकमधलं पाणी प्यालात तर कॅन्सर होतो. म्हणून काही जण दुपारनंतरचं पाणी ओतून टाकायचे आणि तहानलेले परत यायचे. मी त्यांना एवढंच सांगायचे: एकच बाटली दिवसेंदिवस उन्हात ठेवून वापरणं वाईटच, ते करू नका. पण जवळ दुसरं पाणी नसेल तर ते प्या. न प्यायल्याने काय होतं ते सगुणला विचारा.

थोरल्या एका ड्रायव्हरने छागल सुचवली, जाड कापडाची पाण्याची पिशवी. पूर्वी ट्रकवाले बाहेर आरशाला अडकवायचे. पाणी झिरपून उडतं आणि आतलं थंड होतं. आम्ही लावून बघितली. पण आमची हवा दमट, पाणी उडतच नाही. वर मातीची लाल धूळ. संध्याकाळी छागल विटेसारखी दिसत होती. राजस्थानात चालेल, डिचोलीत नाही.

शेवटी कंपनीने स्टीलचे दुहेरी भिंतीचे जग घेतले, पाच लिटरचे, खाली तोटी असलेले. सीटच्या मागे, जमिनीवर, इंजिनापासून लांब, पट्टा बांधून. सकाळी फिल्टरचं पाणी भरायचं, हवं तर बर्फ. तोटीखाली पेला धरायचा, तोंड लावायचं नाही, कारण तोंडातले जंतू कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात. केबिनची उष्णता त्यांना मारत नाही, उलट पोसते. संध्याकाळी उरलेलं ओतून जग ब्रशने घासायचा. झाकणाचं रबर काढून धुवायचं, अर्धा वास तिथेच असतो. पाण्याशिवाय दुसरं काही त्यात घालायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एकाने सोलकढी भरली. रबर बदलावं लागलं.

लाइनमध्ये थांबलेल्या ड्रायव्हरला पाण्यासाठी उतरू द्यायचं आणि त्याचा नंबर राखायचा, हा नियम मी मागितला. कामत साहेबांनी तो लगेच दिला. तो पाळला जायला मात्र बाकीचा सीझन गेला.

पुढच्या सीझनला सगुणला फिट मिळालं. तो परत गाडीवर आहे. ही हकीकत लिहू का म्हणून मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिवा. नाव तेवडा बदला." म्हणून त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव खरं नाही.

माझ्या कामाविषयी एक गोष्ट मात्र कळली. पूर्वी मी सकाळी ड्रायव्हरांना विचारायचे, पाणी घेतलं का? सगळे हो म्हणायचे आणि ते खरंही असायचं. आता मी संध्याकाळी गाड्या परत येतात तेव्हा गेटवर उभी राहते आणि जग हलवून बघते. ज्याचा जड लागतो, त्याला आत बोलावते आणि बसवून कारण विचारते.